पट्टीबदल, चर्चसंगीतातील
ख्रिस्ती उपासनेतील सामुदायिक गायनाला ऑर्गन, पियानो वा हार्मोनिअम यांची साथ करताना गीताच्या ओघातच, किंवा एका गीतातून दुसऱ्या गीतात शिरताना, आधारस्वर म्हणजे षड्ज एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर नेण्याच्या क्रियेला चर्चसंगीतातील पट्टीबदल म्हणता येईल. या क्रियेचे तीन प्रकार संभवतात. पहिल्यात संपूर्ण गीतच छापील पट्टीऐवजी गायकांना सोयीच्या पट्टीत वाजविले जाते. दुसऱ्यात चाल मूळ पट्टीतच राहते, पण साथीतील स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, एखाद्या ओळीपुरते परक्या पट्टीत जाऊन परत येतात. तिसऱ्यात एक वा अनेक कडवी झाल्यावर साथीदार एक छोटा पूल बांधतो आणि पुढचे कडवे सर्व मंडळी नव्या पट्टीत गाते. शेवटचे कडवे अर्ध्या वा एका स्वराने वर नेण्याचा आज सर्वपरिचित असलेला प्रघात या तिसऱ्या प्रकारातील होय.

मैफलीत पट्टीबदलाची जबाबदारी निष्णात कलावंतांवर असते. चर्चमध्ये ती संगीताचे शिक्षण नसलेल्या शेकडो गळ्यांवर पडते. त्यामुळे येथे पट्टीबदलाचा इतिहास केवळ वाद्यांच्या व रचनातंत्राच्या प्रगतीचा नाही. वाद्याला जसजसे अधिक स्वातंत्र्य मिळत गेले, तसतसा ‘मंडळीला हे गाता येईल काय?’ हा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि त्याची जी उत्तरे निरनिराळ्या काळांत दिली गेली, त्यांतून हा इतिहास घडला आहे.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन युरोपातील चर्चमध्ये ऑर्गन बहुधा गायनाची साथ करीत नसे. गायकवृंद एक चरण गाई व दुसरा चरण ऑर्गनवर वाजविला जाई, अशी आळीपाळीची पद्धत रूढ होती. तरीही वाद्य व गळा यांची पट्टी जुळणे आवश्यक होतेच. जर्मन ऑर्गनवादक आर्नोल्ट श्लिक याने १५११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑर्गनविषयक ग्रंथात वाद्याची पट्टी गायकांना सोयीची असावी, याचा विचार विस्ताराने केला आहे. वादकाने पट्टी बदलून वाजविण्यापेक्षा वाद्यच योग्य पट्टीत बांधावे, हा विचार त्यामागे दिसतो.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याच्या धर्मसुधारणेने सर्वसामान्य उपासकांच्या गायनाला उपासनेत मानाचे स्थान दिले. योहान वाल्टर याचा गीतसंग्रह १५२४ मध्ये निघाला. परंतु त्यात मुख्य चाल बहुधा मधल्या स्वरपंक्तीत असे आणि ती प्रशिक्षित गायकवृंदासाठी होती. लूकास ओझिआंडर याने १५८६ मध्ये चाल सर्वांत वरच्या पंक्तीत आणून ठेवली, ती मंडळीला ओळखता येऊन सोबत गाता यावी म्हणून. झामूएल शाइट याने १६५० मध्ये शंभर गीतांच्या चौपदरी साथी ऑर्गनसाठी प्रसिद्ध केल्या. ऑर्गनवादक मंडळीचा वाटाड्या बनला तो या सुमारे सव्वाशे वर्षांच्या काळात. कॅल्व्हिनपंथीय चर्चनी मात्र दीर्घकाळ उपासनेतून वाद्ये वर्ज्य केली. तेथे एक अग्रगायक चाल उचलून देई. साथीशिवाय चालणाऱ्या अशा गायनात पट्टी हळूहळू खाली घसरण्याकडे कल असतो; म्हणजे पट्टीबदल तेथेही होई, पण तो नकळत आणि उलट्या दिशेने.

स्वरजुळणीची मर्यादा : सोळाव्या व सतराव्या शतकांतील ऑर्गनवर मनमानेल त्या पट्टीत जाणे शक्य नव्हते. त्या काळी प्रचारात असलेल्या मीनटोन नावाच्या जुळणीत तीव्र म्हणजे शुद्ध गांधार अत्यंत गोड लागावा म्हणून पंचम किंचित उतरविलेले असत. सेंट या सूक्ष्म एककात, ज्यात सप्तकाचे १,२०० भाग कल्पिलेले असतात, नैसर्गिक पंचम सुमारे ७०२ सेंटांचा, तर या जुळणीतील पंचम सुमारे ६९७ सेंटांचा होतो. असे अकरा पंचम लावल्यावर बाराव्यात सर्व उरलेला फरक साठतो आणि तो सुमारे ७३८ सेंटांपर्यंत फुगतो. त्याच्या कर्कश आवाजावरून त्याला ‘लांडगा’ असे नाव पडले. हा लांडगा सामान्यतः काळी चार व काळी दोन या पट्ट्यांमध्ये लपलेला असे. म्हणून पांढरी एक, पांढरी चार किंवा पांढरी पाच या पट्ट्यांत मधुर वाजणारा ऑर्गन काळी चारला षड्ज मानताच असह्य होई.

यातून सुटकेचे मार्ग सतराव्या शतकाच्या अखेरीस निघाले. आन्ड्रेआस व्हेर्कमाइस्टर (१६४५–१७०६) याने १६९१ मधील ग्रंथात उरलेला फरक अनेक पंचमांत वाटून देणाऱ्या जुळण्या सुचविल्या. अशा जुळणीत सर्व पट्ट्या वापरण्याजोग्या होतात, मात्र प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा राहतो.

वाद्याची उंची हीदेखील एक अडचण होती. जर्मनीतील बहुतेक ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा सुमारे एक स्वर वर जुळविलेले असत. लाइपसिक येथे योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याच्या कँटाटांसाठी ऑर्गनवादकाला दिल्या जाणाऱ्या स्वरलिपी म्हणूनच एक स्वर खाली उतरवून लिहिलेल्या आढळतात. मेळातील वाद्ये एका पट्टीत आणि ऑर्गन कागदावर दुसऱ्या पट्टीत, पण ऐकू येणारा षड्ज एकच, अशी ती व्यवस्था होती.

आर्नश्टाट येथील वाद : साथीतील पट्टीबदलाविषयीचा अत्यंत बोलका प्रसंग बाखच्याच तरुणपणी घडला. १७०३ पासून तो आर्नश्टाट येथील नव्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. १७०५ च्या हिवाळ्यात ल्यूबेक येथील थोर ऑर्गनवादक डीट्रिख बुक्स्टेहूड याला ऐकण्यासाठी तो रजेवर गेला आणि चार आठवड्यांच्या रजेऐवजी सुमारे चार महिन्यांनी परतला. २१ फेब्रुवारी १७०६ रोजी धर्मसभेने त्याला बोलावून जाब विचारला. रजेच्या तक्रारीबरोबरच दुसरी तक्रार होती ती साथीची : तो गीतांत अनेक चमत्कारिक फिरती करतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे मंडळी गोंधळून जाते. यापुढे परका स्वर आणायचाच असेल, तर तो काही वेळ टिकवून धरावा. लगेच तिसरीकडे उडी मारू नये, अशी समज त्याला देण्यात आली.

या प्रसंगाकडे प्रतिभावंत कलावंत व अरसिक अधिकारी यांच्यातील संघर्ष म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु सभेने दिलेली समज नीट वाचली, तर तीत पट्टीबदलाला सरसकट मनाई नाही. परकी पट्टी गायकाच्या कानात स्थिर होण्यास वेळ द्यावा, एवढीच मागणी आहे, आणि ती तांत्रिक दृष्ट्या योग्य आहे. आजचे साथीचे शिक्षकही विद्यार्थ्यांना हेच सांगतात. बाखच्या काही गीतसाथींत, उदा., बीडब्ल्यूव्ही ७१५ व ७२९ या सूचिक्रमांकांच्या रचनांत, दोन ओळींमधील धावत्या तानांचा व अनपेक्षित स्वरसंघातांचा असा प्रकार आढळतो आणि त्यांचा संबंध अभ्यासक अनेकदा या तक्रारीशी जोडतात. यांपैकी दुसरी रचना केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळच्या उपासनेच्या शेवटी वाजविण्याचा परिपाठ १९३८ पासून आहे. तेथे ती ऐकण्यासाठी वाजविली जाते, गाण्यासाठी नाही, हा फरक लक्षणीय आहे.

समविभागी जुळणी व गीतसंग्रह : सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या जुळणीत कोणतीही पट्टी दुसरीइतकीच शुद्ध वा अशुद्ध असते. तीत तीव्र गांधार नैसर्गिकपेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. त्या मोबदल्यात सर्व बारा पट्ट्या मोकळ्या होतात. इंग्लंडमधील चर्चचे ऑर्गन या जुळणीकडे वळले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा बदल निर्विवाद नव्हता. प्रख्यात चर्चसंगीतकार सॅम्युएल सेबास्टिअन वेस्ली (१८१०–७६) जुन्या जुळणीचा कट्टर पुरस्कर्ता होता, आणि लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधील १८५५ चा भव्य ऑर्गन त्याच्या आग्रहामुळे आरंभी असमान जुळणीत लावण्यात आला.

याच काळात छापील गीतसंग्रहांचा प्रसार झाला. १८६१ च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या इंग्रजी संग्रहाने प्रत्येक गीताला एक ठराविक चाल, चौपदरी साथ व निश्चित पट्टी दिली. अशा संग्रहांतील पट्ट्या चार आवाजांत गाणाऱ्या वृंदाच्या सोयीने ठरविलेल्या असत. तार आवाजाच्या स्त्रिया वा मुले वरची पंक्ती गातील, हे त्यात गृहीत होते. सर्व मंडळी एकच चाल गाऊ लागली, तेव्हा मंद्र आवाजाच्या पुरुषांना व वृद्धांना वरचे स्वर जड जाऊ लागले. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या संग्रहाचे संगीत-संपादन करताना राल्फ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) याने मंडळीची सोय पाहून पट्ट्या शक्य तेवढ्या खाली ठेवण्याचे धोरण स्वीकारले. पुढील गीतसंग्रहांतही पट्ट्या उतरविण्याकडेच कल राहिला. छापील पट्टी खाली आल्यामुळे शेवटच्या कडव्यासाठी वर चढण्यास मात्र जागा निर्माण झाली.

पियानोचा प्रवेश : पियानो हे मूलतः दिवाणखान्याचे व मैफलीचे वाद्य. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबून ठेवली असेपर्यंत अखंड टिकतो. पियानोचा स्वर आघातानंतर विरत जातो. म्हणून मंडळीचा आवाज तोलून धरण्यास तो अपुरा मानला जाई. त्याला चर्चच्या परिसरात मानाचे स्थान मिळाले ते प्रामुख्याने अमेरिकेतील धर्मजागृतीच्या सभांमुळे व आफ्रिकी-अमेरिकी चर्चमुळे. ड्वाइट मूडी याच्या सभांत आयरा सँकी (१८४०–१९०८) हा लहान पायपेटीवर स्वतःच साथ करीत गाई. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स अलेक्झांडर (१८६७–१९२०) या गायकनेत्याने मोठ्या समुदायाला ताल देण्यासाठी पियानोचा उपयोग केला. १९०२ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियात रॉबर्ट हार्कनेस (१८८०–१९६१) हा तरुण पियानोवादक मिळाला. छापील चार पंक्ती जशाच्या तशा न वाजविता डाव्या हाताने सप्तकाच्या जोड्या व उजव्या हाताने भराव यांची जोड देण्याची हार्कनेसची पद्धत पुढे ‘सुवार्तिक पियानो’ या शैलीचा पाया ठरली. या शैलीत दोन कडव्यांमधील रिकामी जागा वादकाची असते, आणि पट्टीबदलाचा पूल बांधण्यास तीच जागा उपयोगी पडते.

शिकागो येथे टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) याने या शैलीला निराळे वळण दिले. तो बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. तरुणपणी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो ब्लूज वाजवीत असे व मा रेनी या गायिकेची साथ करीत असे. १९३२ मध्ये तो पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या गॉस्पेल गायकवृंदाचा प्रमुख झाला. ब्लूजमधील स्वरसंघात व लय उपासनेत आणल्याबद्दल त्याला प्रारंभी बराच विरोध सोसावा लागला. त्याच्या परंपरेतून विकसित झालेल्या गॉस्पेल गायनात एखादी छोटी ओळ वारंवार गायली जाते आणि भावना तीव्र होत असता पट्टी अर्ध्या अर्ध्या स्वराने अनेकदा वर सरकविली जाते. येथे मंडळी गोंधळत नाही, याची कारणे स्पष्ट आहेत : ओळ छोटी व तोंडपाठ असते, गायकवृंद आधी चढून दाखवितो, आणि बदल नेमका कोणत्या ठिकाणी येणार हे परंपरेने सर्वांना ठाऊक असते. आर्नश्टाटच्या सभेने जी अट घातली होती, ती येथे पुनरावृत्तीच्या मार्गाने पूर्ण होते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अनेक चर्चमध्ये गीतांची सलग मालिका गाण्याची पद्धत आली. तीत एक गीत संपून दुसरे सुरू होताना शांतता राहू नये म्हणून पियानो वा विद्युत् वाद्यावरील वादक पट्टीबदलाने दोन गीते सांधतो. पट्टीबदलाचे कार्य त्यामुळे चढत्या भावनेपुरते उरले नाही. उपासनेतील एका भागातून दुसऱ्या भागात नेणारा दुवा म्हणूनही त्याचा उपयोग होऊ लागला.

तंत्र : पट्टीबदलाचे तंत्र एका प्रसिद्ध चालीच्या आधारे समजून घेता येईल. ‘ओल्ड हंड्रेडथ’ या नावाने ओळखली जाणारी चाल १५५१ च्या जिनीव्हा येथील स्तोत्रसंहितेत १३४ व्या स्तोत्रासाठी आली. पुढे ती इंग्रजीत १०० व्या स्तोत्राला जोडली गेली. तिचे कर्तृत्व सामान्यतः ल्वी बूर्झ्वा याच्याकडे देतात. ही चाल पांढरी पाच या पट्टीत गाताना मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, म्हणजे बरोबर एक सप्तक फिरते. शेवटच्या ओळीचा पहिलाच स्वर सर्वांत उंच, म्हणजे वरची पांढरी दोन हा असतो. पट्टी अर्ध्या स्वराने चढवून काळी चार केली, तर हा स्वर काळी दोनवर जातो. पूर्ण स्वराने चढवून पांढरी सहा केली, तर तो पांढरी तीनवर जातो. पहिला बदल बहुतेकांना झेपतो, दुसऱ्यात सकाळच्या उपासनेतील अनेक आवाज तुटतात. यावरून किती चढावे हे कल्पकतेवर नव्हे, तर चालीतील सर्वांत उंच स्वरावर ठरते, हे लक्षात येईल.

अर्ध्या स्वराने चढताना कडव्याच्या अखेरीस मंडळीने गायलेला षड्ज, म्हणजे पांढरी पाच, वादक तसाच धरून ठेवतो आणि त्याखाली काळी दोन, काळी पाच व काळी एक हे स्वर भरतो. या नव्या संगतीत पूर्वीचा षड्ज हाच आता निषाद होतो व त्याला वरच्या काळी चारकडे, म्हणजे नव्या षड्जाकडे, जाण्याची ओढ लागते. कान हा दुवा पकडतात, म्हणून गायकांना नवा षड्ज शोधावा लागत नाही. पूर्ण स्वराने चढताना दोन्ही पट्ट्यांना समान असलेला स्वरसंघात उपयोगी पडतो. पांढरी दोन, काळी तीन व पांढरी सहा हे तीन स्वर पांढरी पाचच्या पट्टीत प, नी व रे असतात. पांढरी सहाच्या पट्टीत तेच म, ध व सा ठरतात. या समान संघातावर थोडे थांबून नव्या पट्टीच्या पंचमाचा संघात घेतला की बदल पुरा होतो. कोणताही दुवा न देता थेट वरच्या पट्टीत सुरुवात करणे हा तिसरा मार्ग. तो प्रशिक्षित वृंद सोबत असेल तरच सुरक्षित असतो.

पुलाची लांबी सम असावी, लय ढळू नये आणि नव्या पट्टीतील पंचमाचा संघात गायनारंभाच्या लगेच आधी स्पष्ट ऐकू यावा, हे सर्वमान्य संकेत आहेत. हा संघात मंडळीला श्वास घेण्याची खूणही देतो.

महाराष्ट्र व गोवा : गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व अनेकपदरी गायन शिकवीत. त्यामुळे तेथील गायकवृंदांना पट्टीबदल ही संकल्पना पाश्चात्त्य संगीताचा स्वाभाविक भाग म्हणून मिळाली. महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांची स्थिती वेगळी होती. मिशनऱ्यांनी आणलेल्या पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसविलेली गीते व देशी चालींवरील पदे, असे दोन प्रवाह त्यांच्या उपासनेत शेजारी शेजारी वाहत आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन या परंपरांतून ख्रिस्ती भक्तिगीत घडविले, आणि दुसरा प्रवाह समर्थ केला.

देशी चालीचा पाया तंबोऱ्याचा अचल षड्ज हा असतो. पाश्चात्त्य पद्धतीत पट्टी हा प्रवासातील एक मुक्काम असतो. आपल्या संगीतात षड्ज हे घर असते व सर्व स्वरांचे नाते त्याच्याशी असते. मध्यमाला षड्ज मानून गाणे किंवा मूर्च्छनेच्या अंगाने दुसऱ्या रागाचा भास निर्माण करणे आपल्याकडेही आहे, परंतु त्यांतही मूळ षड्जाची जाणीव कायम ठेवली जाते. म्हणून अभंगाच्या अखेरच्या चरणाला पट्टी चढविली, तर चढतेपणाऐवजी आधार निसटल्याची भावना होण्याचा संभव असतो. भजनात उत्कर्ष साधला जातो तो लय वाढवून, तार सप्तकात जाऊन व टाळांच्या गजराने. त्यासाठी षड्ज हलवावा लागत नाही.

हार्मोनिअमने मात्र या दोन प्रवाहांत एक व्यवहारी समझोता घडविला. फ्रान्समध्ये आलेक्सांद्र दबॅं याने १८४० नंतरच्या दशकात या वाद्याचे एकस्व घेतले. भारतात त्याची हातभात्याची सुटसुटीत पेटी झाली. पुढे निघालेल्या स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा संच डावीउजवीकडे सरकविता येतो, त्यामुळे वादकाची बोटे त्याच जागी राहतात आणि षड्ज बदलतो. विद्युत् कीबोर्डवर हेच काम एका कळीने होते. गायकाच्या गळ्याप्रमाणे आरंभीच पट्टी ठरविण्याची आपली रीत या सोयीने सुकर केली. पण गीताच्या मध्येच पट्टी बदलण्याचे काम अशी यंत्रे करू शकत नाहीत असे नाही, तरी मंडळीला नव्या षड्जाकडे नेणारा दुवा ती देत नाहीत. कळ दाबताच पट्टी बदलते. गाणाऱ्याचा कान तेवढ्यात बदलत नाही.

मूल्यमापन : शेवटचे कडवे वर नेण्याच्या प्रघातावर तो यांत्रिक झाल्याची टीका होते, व ती अंशतः खरी आहे. प्रत्येक गीतात चढ आला की चढाचा अर्थ उरत नाही. गीताच्या आशयात वळण असेल, चालीतील उंच स्वराला वाव असेल आणि मंडळीला चाल पाठ असेल, तेथेच तो परिणामकारक ठरतो. मैफलीत श्रोते गप्प राहिले तरी संगीत पूर्ण होते. उपासनेत मंडळी गप्प झाली, तर साथ कितीही सुंदर असली तरी तिचे प्रयोजन संपते. १७०६ मध्ये आर्नश्टाटच्या सभेने जे बजावले, १९०६ च्या संग्रहाने पट्ट्या उतरवून जे साधले आणि शिकागोच्या गायकवृंदांनी पुनरावृत्तीने जे शक्य करून दाखविले, त्या सर्वांमागे हीच एक कसोटी आढळते.